न आलेल्यांचा हिशोब

१९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात स्वयंसेवक म्हणून जाण्यासाठी एक हजाराहून जास्त जणांनी अर्ज भरले. अर्ज करणारे बहुतेक जण उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या नामांकित विद्यापीठांतले गोरे विद्यार्थी होते. काम होते कृष्णवर्णीय नागरिकांची मतदार म्हणून नोंदणी करण्याचे आणि त्यांच्या मुलांसाठी उन्हाळी शाळा चालवण्याचे. ७२० जण गेले. आणखी २३९ जणांचे अर्ज मंजूर झाले होते, पण ते ऐन वेळी गेले नाहीत.

जे गेले त्यांच्यावर पुस्तके निघाली, माहितीपट निघाले. न गेलेल्या २३९ जणांची आठवण कोण ठेवणार? पण डग मॅकॲडम या समाजशास्त्रज्ञाने ती ठेवली. चळवळींचा अभ्यास करताना न आलेल्यांनाही मोजले पाहिजे, हा धागा त्यांच्या चार दशकांच्या कामात पुन्हा पुन्हा दिसतो. आजचा लेख त्या कामाबद्दल आहे.

हे विज्ञान आहे का?

समाजशास्त्राला 'विज्ञान' म्हणावे का, असा प्रश्न आपल्याकडच्या अभियंता-डॉक्टर मंडळींना हमखास पडतो. एका परिचित उदाहरणावरून त्याचे उत्तर शोधू.

समजा, एक नवीन औषध आले. ते घेतलेले शंभर रोगी बरे झाले. औषध गुणकारी ठरले का? नाही. औषध न घेतलेल्या तशाच शंभर रोग्यांचे काय झाले, हे कळेपर्यंत आपण काहीच म्हणू शकत नाही. कदाचित तेही आपोआप बरे झाले असतील. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर आपल्या हाती असते ती फक्त एक गोष्ट, पुरावा नव्हे.

चळवळींच्या अभ्यासात नेमकी हीच अडचण होती. आंदोलनात उतरलेल्या लोकांना गाठायचे, 'तुम्ही का उतरलात?' असे विचारायचे आणि मिळालेल्या उत्तरांवरून सिद्धांत मांडायचा. ते सांगत, 'अन्याय सहन होईना'. मग निष्कर्ष निघे की, अन्यायाची चीड असली की माणूस रस्त्यावर उतरतो. पण तितकीच चीड असूनही घरी बसलेल्यांचे काय? त्यांना कोणी विचारतच नव्हते.

एकाकी माणूस की गोतावळ्यातला माणूस?

मॅकॲडम यांनी १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातून पीएचडी मिळवली. त्या काळापर्यंत या विषयात दोन-तीन प्रमुख मते होती.

पहिले मत जुने होते. समाजाची घडी विसकटली, लोक एकमेकांपासून तुटले, की अशी एकाकी आणि अस्वस्थ माणसे आंदोलनांकडे ओढली जातात. या मतानुसार चळवळ म्हणजे जणू समाजाला आलेला ताप.

दुसरे मत अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांचे. त्यांनी १९६५ मध्ये विचारले की, शहाणा माणूस चळवळीत जाईलच कशाला? सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची सफाई चार जणांनी केली तरी स्वच्छ पाणी सगळ्यांच्याच नळाला येते. मग रविवारची झोप आपणच का मोडायची? मताधिकाराचेही तसेच. कायदा झाला तर तो घरी बसलेल्यालाही लागू होणार आहे.

तिसरे मत १९७० च्या दशकात जॉन मॅकार्थी आणि मेयर झाल्ड यांनी मांडले. तक्रारी तर कुठल्याही समाजात नेहमीच असतात; चळवळ उभी राहते ती पैसा, वेळ, कार्यकर्ते आणि संघटना ही साधने जमली की. चळवळीकडे संस्था म्हणून पाहण्याची सवय या मताने लावली.

मॅकॲडम यांना तिसरे मत बरेचसे पटत होते, पण ही साधने बाहेरचे दाते पुरवतात, यावर त्यांचा आक्षेप होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्षिक सूचीतल्या नोंदी वर्षानुवर्षे मोजून त्यांनी कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा आलेख मांडला. १९८२ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाचा गाभा असा: दक्षिणेतली कापसाची शेती मोडकळीला आली, लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडच्या शहरांत गेले आणि तिथे त्यांच्या मतांना किंमत आली. शीतयुद्धाच्या काळात वंशभेद ही अमेरिकेसाठी जगापुढची नामुष्की ठरू लागली. थोडक्यात, राजकारणात फट पडली. त्याच वेळी कृष्णवर्णीयांची चर्चेस, महाविद्यालये आणि एनएएसीपी या संघटनेच्या शाखा बळकट होत होत्या. तिसरी गोष्ट लोकांच्या मनातली: 'हे बदलू शकते आणि आपण ते बदलू शकतो' ही जाणीव. संधी, स्वतःच्या संघटना आणि ही जाणीव, या तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा चळवळ पेटली.

म्हणजे चळवळीत उतरलेले लोक एकाकी नव्हते. ते चर्चमध्ये एका बाकावर बसणारे, एका वसतिगृहात राहणारे, एकमेकांच्या घरी जेवणारे लोक होते. पण हे झाले समूहाबद्दल. एखाद्या माणसाचे पाऊल पुढे पडते आणि दुसऱ्याचे अडते, ते का, हे अजून दाखवायचे होते.

मिसिसिपी, १९६४

त्यासाठी त्या उन्हाळ्याची पार्श्वभूमी थोडी समजून घ्यावी लागेल. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मिसिसिपीत मतदानास पात्र असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी ७ टक्क्यांहून कमी लोकांची नावे मतदारयादीत होती. नाव नोंदवायला गेलेल्या माणसाला राज्यघटनेतल्या एखाद्या कलमाचा अर्थ लिहून दाखवावा लागे. तो अर्थ बरोबर की चूक, हे तिथला गोरा अधिकारी ठरवी. शिवाय अर्जदाराचे नाव वर्तमानपत्रात छापले जाई, म्हणजे त्याचा मालक त्याला कामावरून काढायला मोकळा आणि रात्री बंदूक घेऊन येणाऱ्यांना पत्ता शोधायला नको.

'स्निक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थी संघटनेचे कार्यकर्ते तिथे आधीपासून मार खात होते आणि देशाचे तिकडे लक्ष नव्हते. मोठ्या घरांतली गोरी मुले तिथे आली तर वर्तमानपत्रे येतील, सरकारला डोळे उघडावे लागतील, हे बॉब मोझेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गणित होते. गणित कडवट होते, पण बरोबर निघाले.

स्वयंसेवकांनी स्वतःचा खर्च स्वतः करायचा होता आणि जामिनासाठी ५०० डॉलरची सोय ठेवायची होती. एकवीस वर्षांखालच्यांना पालकांची परवानगी लागत होती. ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावी एका महिला महाविद्यालयात त्यांचे प्रशिक्षण झाले. दुसरी तुकडी प्रशिक्षण घेत असतानाच बातमी आली: २१ जूनपासून जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे तिघे बेपत्ता होते. गुडमन काही दिवसांपूर्वीच ऑक्सफर्डहून मिसिसिपीला गेला होता. तिघांचे मृतदेह ४ ऑगस्टला एका मातीच्या धरणाच्या भरावाखाली मिळाले. शोध चालू असताना हेन्री डी आणि चार्ल्स मूर या दोन कृष्णवर्णीय तरुणांचेही मृतदेह नदीत सापडले. त्यांच्यासाठी देशाने शोधमोहीम काढली नव्हती.

त्या उन्हाळ्यात सुमारे १७,००० कृष्णवर्णीयांनी नावनोंदणीचा प्रयत्न केला. सुमारे १,६०० जणांचीच नावे लागली. पण वर्षभरातच, ६ ऑगस्ट १९६५ रोजी, मतदान हक्क कायदा आला. त्याच संसदेने वंश आणि देशानुसार माणसे तोलणारी जुनी स्थलांतर पद्धत मोडणारा कायदाही केला. त्यावर ३ ऑक्टोबर १९६५ रोजी सही झाली. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या व्हिसाची वाट त्या कायद्यापासून सुरू होते. त्यामुळे मिसिसिपीची ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

अर्जांचे गठ्ठे

या स्वयंसेवकांचे पुढे काय झाले, हे शोधायला मॅकॲडम निघाले होते. त्यांना हवी होती फक्त नावांची यादी. अटलांटामधल्या किंग सेंटरच्या दप्तरात त्यांना यादीऐवजी मूळ अर्जच मिळाले, आणि त्यात न गेलेल्यांचेही अर्ज होते.

हे घबाड का, ते लक्षात घ्या. अर्ज उन्हाळ्याच्या आधी भरलेले होते. म्हणजे वीस वर्षांनंतरच्या आठवणींचा रंग त्यांना चढला नव्हता. शिवाय जाणारे आणि न जाणारे, दोघांनीही एकच अर्ज, त्याच काळात आणि त्याच उत्साहात भरला होता. तुलनेसाठी हवा असलेला दुसरा गट आयता समोर आला होता.

अर्जात 'का यायचे आहे?' हा प्रश्न होता. कोणकोणत्या संस्थांचे सभासद आहात, पूर्वी अशी कामे केली आहेत का, हेही विचारले होते. आणि एक रकाना असा होता, की तुमच्या उन्हाळ्यातल्या कामाची माहिती ज्यांना कळवावी अशा किमान दहा जणांची नावे लिहा. संघटनेला ती नावे प्रसिद्धीसाठी आणि पाठिंब्यासाठी हवी होती. मॅकॲडम यांना त्या रकान्यात प्रत्येक अर्जदाराचा गोतावळा दिसला. दहा नावांतले कोणी स्वतःही अर्ज केलेले आहे का? असल्यास ते गेले की गळाले? सगळे अर्ज एकमेकांशी ताडून पाहिले की उत्तर मिळत होते.

आकडे काय म्हणाले?

हे संशोधन १९८६ मध्ये शोधनिबंध म्हणून आणि १९८८ मध्ये 'फ्रीडम समर' या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. पुस्तकाला समाजशास्त्रातला मानाचा सी. राइट मिल्स पुरस्कार मिळाला.

पहिला निष्कर्षच धक्का देणारा होता. 'का यायचे आहे?' या प्रश्नाच्या उत्तरांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. न गेलेल्यांची तळमळ कमी नव्हती, विचार कच्चे नव्हते. उत्तरे झाकून ठेवून 'कोण गेला असेल?' असे विचारले असते, तर ओळखता आले नसते.

फरक दिसला तो तीन ठिकाणी. गेलेले लोक जास्त संस्थांचे सभासद होते. त्यांनी आधी अशी छोटी-मोठी कामे जास्त केली होती. आणि तिसरे म्हणजे, त्यांच्या दहा नावांत मिसिसिपीला जाणारे जवळचे मित्र जास्त होते. नुसत्या तोंडओळखीचा उपयोग झाला नाही. जवळच्या मैत्रीचा झाला. उलट, ज्याचा जवळचा मित्र गळाला, तो स्वतःही गळण्याची शक्यता वाढत होती.

याचा अर्थ 'मित्र ओढून नेतात' इतकाच घ्यायचा का? पुढे रोनेल पॉलसन यांच्यासोबत केलेल्या कामात मॅकॲडम यांनी हे उत्तर आणखी नेमके केले. प्रत्येक माणसाला अनेक बाजूंनी ओढ असते: मित्र, आईवडील, प्रेयसी, प्राध्यापक, चर्च. मित्र 'चल' म्हणतात तेव्हाच आई फोनवर रडत असते. मुलींच्या बाबतीत घरचा विरोध जास्त कडक होता. स्वतःची जी ओळख आपल्याला सगळ्यात महत्त्वाची वाटते, उदाहरणार्थ धार्मिक किंवा समाजवादी असणे, त्या ओळखीतलीच माणसे पाठीशी असतील तर पाऊल पुढे पडते. तिथल्याच माणसांपुढे शब्द फिरवणे सर्वांत अवघड जाते.

इथे ओल्सन यांच्या कोड्याचा एक भागही सुटतो. फायद्या-तोट्याचा हिशोब माणूस करतो, पण एकटा बसून करत नाही. न गेल्याची किंमत काय, हेही त्याच्याभोवतीची माणसेच ठरवतात.

वीस वर्षांनंतर

अर्जांवरच्या नावांवरून, विद्यापीठांच्या माजी विद्यार्थी कचेऱ्यांची मदत घेऊन, मॅकॲडम यांनी दोन्ही गटांतल्या शेकडो लोकांना १९८० च्या दशकात शोधून काढले. त्यांना प्रश्नावल्या पाठवल्या, अनेकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या.

साठच्या दशकातले क्रांतिकारक पुढे कोट-टाय घालून पैशाच्या मागे लागले, अशी एक लाडकी गोष्ट तेव्हा अमेरिकेत सांगितली जात होती. आकड्यांनी ती खोडून काढली. गेलेले लोक वीस वर्षांनंतरही न गेलेल्यांपेक्षा चळवळींत जास्त सक्रिय होते. शिक्षण किंवा समाजसेवेसारख्या पेशांत अनेक जण होते. त्यांचे उत्पन्न कमी होते. लग्न न झालेले किंवा मोडलेले असे लोकही त्यांच्यात जास्त होते. त्या एका उन्हाळ्याची किंमत त्यांनी आयुष्यभर हप्त्याहप्त्याने फेडली.

आणि त्या उन्हाळ्यातून पुढच्या चळवळीही निघाल्या. मॅककोंबमध्ये स्वयंसेवक असलेला मारिओ सॅव्हिओ त्याच वर्षी बर्कलीत परतला आणि तिथल्या भाषणस्वातंत्र्याच्या आंदोलनाचा आवाज बनला. दक्षिणेत काम केलेल्या काही स्त्रिया पुढे स्त्रीमुक्ती चळवळीत अग्रभागी आल्या.

या तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. औषधाच्या चाचणीत कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. इथे तसे झाले नव्हते. जाणारे लोक आधीपासूनच जरा जास्त सक्रिय होते. मॅकॲडम यांनी संख्याशास्त्राने तो फरक वजा करण्याचा प्रयत्न केला, पण तो पूर्ण वजा झाला असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सगळीच सेवा माणूस घडवते का?

'फ्रीडम समर'मुळे एक समज रुजू शकला असता, की तरुणांना सेवेला पाठवले की ते आयुष्यभराचे नागरिक बनतात. तो समज मॅकॲडम यांनी स्वतःच तपासून पाहिला. 'टीच फॉर अमेरिका' ही संस्था नव्या पदवीधरांना दोन वर्षांसाठी गरीब वस्त्यांतल्या शाळांत शिकवायला पाठवते. २००९ पासून मुंबई-पुण्यात काम करणारी 'टीच फॉर इंडिया' याच धर्तीवरची. सिंथिया ब्रँट यांच्यासोबत २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॅकॲडम यांनी तीन गट घेतले: दोन वर्षे पूर्ण केलेले, मध्येच सोडलेले आणि निवड होऊनही न गेलेले.

दोन वर्षे पूर्ण केलेल्यांची मते इतर दोन गटांपेक्षा जास्त समाजाभिमुख होती. पण प्रत्यक्ष सामाजिक कामातल्या सहभागात ते मागे होते! एकट्याने वर्ग सांभाळताना येणारा थकवा, भ्रमनिरास अशी काही कारणे चर्चेत आली. पुढे इतर संशोधकांनी निवडीच्या सीमारेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या उमेदवारांची तुलना केली. दोन वर्षांच्या अनुभवाने विषमतेकडे पाहण्याची नजर बदलते, असे त्यांना आढळले. पण नजर बदलणे आणि पाय उचलणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तर १९६४ च्या अर्जांनीही सांगितले होते.

न झालेली आंदोलने

१९९८ पासून मॅकॲडम स्टॅनफर्ड विद्यापीठात होते. त्याआधी बरीच वर्षे ते ॲरिझोना विद्यापीठात शिकवत. २००१ मध्ये सिडनी टॅरो आणि चार्ल्स टिली यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी आपल्या पिढीच्या, म्हणजे स्वतःच्याही, सिद्धांतांवर टीका केली: आम्ही घटकांची यादी देतो, पण घटना प्रत्यक्षात कशी घडत जाते हे सांगत नाही.

मग २०१२ मध्ये हिलरी बूडे यांच्यासोबत त्यांनी जुनाच प्रश्न मोठ्या पटावर मांडला. आंदोलने झाली तिथेच संशोधक जातात. न झालेल्या आंदोलनांचे काय? त्यांनी अमेरिकेतल्या अशा २० वस्त्या घेतल्या, जिथे ऊर्जा प्रकल्प येऊ घातले होते आणि म्हणून विरोध होण्याची शक्यता होती. विरोध झाला की नाही, हे आधी न पाहता त्यांची निवड केली. दिसले असे की, मोठे आणि टिकून राहिलेले आंदोलन हा अपवाद होता. बहुतेक ठिकाणी फारसे काही घडलेच नाही. शांतता हाच सर्वसाधारण नियम, हे मान्य केले की प्रत्येक आंदोलनाचे मोल जास्त कळते.

त्याच वर्षी नील फ्लिगस्टाइन यांच्यासोबत त्यांनी संस्था आणि चळवळी या दोन्हींना कवेत घेणारा सिद्धांत मांडला. कंपन्यांचा अभ्यास करणारे एका खोलीत आणि मोर्चांचा अभ्यास करणारे दुसऱ्या खोलीत, अशी या विषयाची फाळणी झाली होती. या दोघांनी म्हटले की, बाजारपेठ असो, विद्यापीठ असो वा राजकीय पक्ष, प्रत्येक ठिकाण हा एक आखाडा असतो. तिथे जम बसवलेले पैलवान असतात आणि आव्हान देणारेही. शेजारच्या आखाड्यात उलथापालथ झाली की इथलाही तोल जातो. नव्या कंपनीने जुन्या कंपनीला हलवणे आणि चळवळीने सरकारला हलवणे, या दोन्ही प्रक्रिया एका भाषेत सांगता येतात.

आपण यातून काय घ्यायचे?

परदेशातल्या मराठी मंडळांत दरवर्षी एक तक्रार ऐकू येते: 'तरुण पिढीला आस्थाच नाही.' रक्तदान शिबिराला शंभर जण 'येतो' म्हणतात आणि चाळीस येतात. मग आपण न आलेल्या साठ जणांच्या मनात डोकावतो आणि तिथे आळस, स्वार्थ, बेपर्वाई असे काही सापडल्याचे जाहीर करतो.

मॅकॲडम यांचे काम सांगते, की आधी त्यांच्या आजूबाजूला पाहा. त्या साठ जणांपैकी किती जणांना जवळच्या माणसाने 'मी निघालोय, तुला घ्यायला येऊ का?' असे विचारले होते? किती जणांवर आधी एखादे लहानसे काम सोपवले होते? भाषण देऊन आस्था वाढवण्यापेक्षा हे दोन प्रश्न जास्त कामाचे आहेत, कारण आस्था बहुतेकदा असतेच.

मिसिसिपीला न गेलेल्या २३९ जणांना भित्रे म्हणणे सोपे आहे. त्यांचे अर्ज मात्र तसे म्हणत नाहीत. त्या अर्जांत त्यांनी जे लिहिले, ते गेलेल्यांनीही लिहिले होते.